सरवा वेचणाऱ्या बायकांचा चित्रकार

पहिल्या वर्षाला असताना ग्रंथालयात एक जाड इंग्रजी पुस्तक माझ्या हाती आले. युरोपातल्या चित्रकलेवरचे होते. इंग्रजी वाचायचा कंटाळा, म्हणून मी नुसती चित्रे पाहत पाने उलटत होते. एका पानावर थांबले. काळ्या-पांढऱ्या छपाईतले चित्र होते. कापणी झालेले रान, आणि त्यात तीन बायका. दोघी कमरेत पार वाकलेल्या, तिसरी अर्धवट. चित्राखालचे इंग्रजी नाव मला कळले नाही. पण त्या बायका काय करीत आहेत हे कळायला क्षणही लागला नाही. त्या सरवा वेचत होत्या.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हा शब्द सांगायला नको. इतरांसाठी सांगते. पीक काढून नेले की रानात काही कणसे, काही ओंब्या, काही शेंगा राहून जातात. त्यांना सरवा म्हणतात. ज्यांना स्वतःचे रान नाही अशा घरच्या बायका मालकाला विचारून तो वेचायला जातात. माझी आई जात असे. धसकटे चुकवत मीही तिच्यामागून हिंडले आहे. दिवसभर वेचून संध्याकाळी जे ओट्यात जमेल ते आपले.

महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जावर पालकांचा व्यवसाय असा एक रकाना असतो. त्यात मी शेती असे लिहिले होते. आमच्या नावावर एक गुंठाही जमीन नाही. रांगेत माझ्या पुढे-मागे ज्या मुली होत्या त्यांच्यादेखत खरे लिहायची मला लाज वाटली. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. पुस्तकातले ते चित्र पाहिले आणि ती आठवली. ज्या कामाचे नावदेखील मी लपवले, त्याच कामाचे चित्र एका फ्रेंच माणसाने काढले होते आणि ते पॅरिसच्या संग्रहालयात मानाने टांगलेले होते. हा माणूस कोण, हे शोधल्याशिवाय मला चैन पडेना.

झाँ फ्रान्स्वा मिले हे त्याचे नाव. फ्रान्सच्या उत्तरेला नॉर्मंडी प्रांतात, समुद्राच्या अगदी काठावर ग्रुशी नावाची वाडी आहे. तिथे ४ ऑक्टोबर १८१४ रोजी एका शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला. भावंडांत थोरला मुलगा हाच. त्यामुळे नांगरणी, पेरणी, कापणी, मळणी, गवत कापणे ही सगळी कामे त्याच्या हातून गेली. घरात आजीचा शब्द मोठा होता. ती फार धार्मिक होती. गावच्या पाद्रीबाबांनी मुलाला थोडे लॅटिन शिकवले. शेतावर राबणारा हा मुलगा बायबल आणि व्हर्जिलचे काव्य वाचू लागला. शेतकऱ्याचे पोर म्हणून त्याला अडाणी समजणाऱ्यांची पुढे पॅरिसमध्ये या वाचनाने मोठी फजिती केली असणार!

चित्रकलेकडे तो कसा वळला त्याची एक गोष्ट सांगतात. चर्चमधून घरी परतणाऱ्या एका वाकलेल्या म्हाताऱ्याचे चित्र त्याने कोळशाने काढले. घरच्यांनी माणूस लगेच ओळखला. बापाने ते पाहिले, मनाशी काही ठरवले आणि मुलाला शेरबूर या जवळच्या बंदराच्या गावी चित्रकाराकडे शिकायला धाडले. हे १८३३ सालचे. घरचा थोरला, कमावता मुलगा चित्रे काढायला पाठवायचा म्हणजे शेतावरचे दोन हात कमी करायचे. ते काय असते हे मला माहीत आहे. मी इथे येते त्या दिवशी आमच्या घरातही एक रोज बुडतो.

दोन वर्षांनी बाप गेला. मिले घरी परतला. घर सांभाळायचे, शेती सांभाळायची, त्यात कुंचल्याला जागा कुठली? पण आजीने त्याला बसू दिले नाही. आपण आणि त्याची आई मिळून रान बघू, तू तुझे शिक्षण पुरे कर, असे म्हणून तिने त्याला परत पाठवले. पुढे शेरबूरच्या नगरपालिकेने शिष्यवृत्ती दिली आणि १८३७ साली तो पॅरिसला पोहोचला. तिथल्या नामांकित कलाशाळेत पॉल देलारोश या त्या वेळच्या प्रसिद्ध चित्रकाराच्या हाताखाली तो शिकू लागला. शहरी मुलांमध्ये हा खेडवळ, अबोल विद्यार्थी रमला नाही. त्याचे मन रमले ते लूव्र संग्रहालयात. मायकेलअँजेलो आणि पूसँ हे त्याचे खरे गुरू. १८३९ साली शिष्यवृत्ती बंद झाली. सालों म्हणजे सरकारी वार्षिक प्रदर्शन. त्यासाठी पाठवलेले चित्रही त्याच वर्षी नाकारले गेले.

यानंतरची दहा वर्षे ओढगस्तीची आहेत. पोटासाठी तो लोकांच्या तसबिरी काढी. १८४१ साली लग्न केले. पत्नी पोलीन १८४४ मध्ये क्षयाने वारली. पुढे कातरीन लमेर ही त्याच्या आयुष्यात आली आणि शेवटपर्यंत तिने त्याला साथ दिली. त्यांना नऊ मुले झाली. पॅरिसमध्ये विकली जातील अशी नाजूक, शृंगारिक चित्रेही त्याने त्या काळात पुष्कळ काढली. विकली जात, पण त्याला त्यांची मनातून लाज वाटू लागली. १८४८ च्या सालोंमध्ये त्याने धान्य पाखडणाऱ्या शेतकऱ्याचे चित्र मांडले. त्या वर्षी फ्रान्समध्ये क्रांती होऊन प्रजासत्ताक आले होते. नव्या सरकारने ते चित्र विकत घेतले. आपल्याला काय काढायचे आहे हे मिलेला बहुधा त्या चित्राने समजले.

१८४९ साली पॅरिसमध्ये पटकीची साथ आली. बायकामुलांना घेऊन मिले शहरातून निघाला आणि फाँतेनब्लोच्या जंगलाच्या कडेला असलेल्या बार्बिझाँ या खेड्यात येऊन राहिला. तेओदोर रूसो वगैरे निसर्गचित्रकार तिथे आधीच जमले होते. काही दिवसांसाठी म्हणून आलेला मिले मरेपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, तिथेच राहिला. धान्याच्या कोठारासारखी बसकी खोली हीच त्याची चित्रशाळा. सकाळी बागेत कुदळ चालवायची आणि दुपारी कुंचला, असा त्याचा क्रम होता.

इथे त्याच्या चित्रकलेविषयी थोडे सांगायला हवे. निसर्गचित्रात माणसे काढण्याची प्रथा युरोपात जुनी होती. क्लोद लोरँसारख्या मोठ्या चित्रकारांच्या निसर्गचित्रांत माणसे असतात, पण ती बहुधा पुराणातली आणि चिमुकली. झाडे, डोंगर, आकाश यांची शोभा वाढवण्यापुरती. शेतकरी काढायचा झालाच तर तो लहानशा चित्रात, हसरा, दारू पिणारा, नाचणारा. मोठा कॅनव्हास राजे, वीर आणि देवदूत यांच्यासाठी राखून ठेवलेला. मिलेने हा रिवाज मोडला. त्याच्या चित्रात रान आणि माणूस वेगळे काढता येत नाहीत. जमीन जड आहे म्हणून माणूस वाकला आहे, आणि माणूस वाकला आहे म्हणून जमिनीचे जडपण आपल्याला दिसते. माणूस पुसला तर मागे नुसती माती उरेल. आणि माती पुसली तर माणूस का वाकला आहे तेच कळणार नाही.

तैलरंग म्हणजे रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटून केलेला रंग. आमच्याकडे जवसाची चटणी होते; तिकडे त्याच तेलातून चित्रे झाली! हा रंग सावकाश वाळतो. त्यामुळे थरावर थर देता येतात, चुकले तर खरवडून पुन्हा लावता येते. मिलेला हे मानवत असे. त्याच्या काळी पत्र्याच्या नळीतले तयार रंग मिळू लागले होते आणि अनेक चित्रकार उघड्यावर बसून रंगवू लागले होते. मिले मात्र रानात हिंडून पाहून येई, फार तर एखादे लहानसे रेखाटन करी आणि चित्र घरी बसून आठवणीतून रंगवी. शेतकरी कोणत्या क्षणी कसा वाकतो, ओझे उचलताना खांदा कुठे जातो, हे त्याला समोर माणूस उभा करून पाहावे लागत नव्हते. ते त्याच्या स्वतःच्या अंगात होते.

१८५० च्या अखेरीस उघडलेल्या सालोंमध्ये त्याचे पेरणी करणाऱ्याचे चित्र लागले. आपल्याकडे पाभरीने किंवा तिफणीने पेरतात. तिकडे तेव्हा मूठ भरून बी फोकून पेरीत. चढाच्या रानात एक धिप्पाड माणूस लांब ढांग टाकीत उतरतो आहे, गळ्यात बियाण्याची झोळी, उजवा हात मागे फेकलेला, मागे पाखरांचा थवा आणि दूर बैलांची जोडी. बार्बिझाँच्या आसपासची जमीन सपाट आहे. हा चढ त्याच्या गावाकडचा. म्हणजे बार्बिझाँच्या खोलीत बसून तो ग्रुशीचेच रान रंगवीत होता.

आणि मग १८५७. हे साल म्हटले की आपल्याला उठाव आठवतो. त्याच वर्षी पॅरिसच्या सालोंमध्ये मिलेच्या सरवा वेचणाऱ्या तीन बायका लोकांसमोर आल्या. हे चित्र सुमारे ८३ सेंटिमीटर उंच आणि ११० सेंटिमीटर रुंद आहे. पुढे मी त्याची रंगीत प्रतही पाहिली. एकीच्या डोक्याला निळे फडके, दुसरीच्या तांबडे, तिसरीचे पिवळसर. डावीकडच्या बाईने एक हात पाठीवर घेतला आहे आणि त्यात वेचलेल्या ओंब्या धरल्या आहेत. माझी आईदेखील वेचताना एक हात असाच कमरेवर ठेवते. पाठीला तेवढाच आधार. ज्याने हे काम केलेले नाही किंवा करणाऱ्याकडे नीट पाहिलेले नाही, त्याला हा हात सुचणार नाही.

चित्रात मागे दूरवर सुगी चालली आहे. गंजी रचल्या आहेत, गाडी भरते आहे, कापणी करणारांचा घोळका आहे आणि उजवीकडे घोड्यावर बसलेला मुकादम आहे. सगळा सोनेरी उजेड तिकडे आहे. या तिघींचे चेहरे सावलीत आहेत. क्षितिजाची रेघ दोघींच्या वाकलेल्या पाठींच्या वरून जाते. तिसरी थोडी उठली आहे म्हणून जेमतेम तिथवर पोहोचते. भरलेले खळे आणि रिकामा ओटा यांच्यामध्ये जे अंतर आहे ते मिलेने एक अक्षर न लिहिता दाखवले. फ्रान्समध्ये सरवा वेचणे हा गरिबांचा जुना हक्क होता. पीक उचलून नेल्यावर आणि दिवसाउजेडीच वेचायचे, अशी त्याला बंधनेही होती.

पॅरिसच्या बड्या लोकांना हे चित्र रुचले नाही. १८४८ ची क्रांती ते विसरले नव्हते. या तीन बायकांच्या मागे त्यांना जणू दंगलीचे भाले दिसले. एका टीकाकाराने तर त्यांना दारिद्र्याच्या तीन दैवतांची उपमा देऊन हिणवले. कोणी म्हणाले चित्रकार समाजवादी आहे, कोणी म्हणाले त्याला कुरूपतेचीच आवड आहे. चित्र मागितलेल्या किमतीपेक्षा कमी, ३००० फ्रँकला गेले. १८६३ साली त्याने कुदळीच्या दांड्यावर रेलून दम खाणारा एक शेतकरी मांडला तेव्हा टीकेला आणखी धार आली. त्यावर मिलेने मित्राला जे कळवले त्याचा आशय असा, की रानातली फुले आणि सूर्याचे तेज मलाही दिसते. पण त्याच रानात सकाळपासून राबणारा माणूसही दिसतो, त्याला मी वगळू कसा? त्याला कोणत्याही पक्षाचा प्रचार करायचा नव्हता. माझ्या मते, म्हणूनच त्याची चित्रे प्रचारकी झाली नाहीत. त्याने या बायकांवर दया दाखवली नाही आणि त्यांना नटवलेही नाही. मोठ्या चित्रकारांनी देवदूतांना जेवढी जागा दिली तेवढी यांना दिली, इतकेच.

त्याचे सर्वांत गाजलेले चित्र अँजेलस हे १८५७ ते १८५९ या काळातले. तिन्हीसांजेला दूरच्या चर्चची घंटा वाजते आणि बटाटे काढणारे नवरा-बायको काम थांबवून मान खाली घालून प्रार्थना करतात. रानात काम करताना घंटा ऐकू आली की आजी सर्वांना थांबवी आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना करायला लावी, ही लहानपणची आठवण त्या चित्रामागे आहे.

आजीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मिलेचे हे एकच वागणे मला आजवर पचलेले नाही. ज्या आजीने त्याला नांगरावरून उठवून शिकायला पाठवले ती १८५१ मध्ये वारली. आईने पत्रे पाठवून एकदा येऊन भेट म्हणून विनवले. तीही १८५३ मध्ये गेली. दोघींच्या शेवटी मिले जवळ नव्हता. प्रवासापुरते पैसे नव्हते, पोराबाळांचा संसार होता, हे सगळे खरे. तरी मला वाटते, पैशांखेरीज आणखीही काही आड आले असेल. जे घर सोडून आपण शिकायला निघतो, त्या घराचा उंबरा दर वर्षी थोडा उंच होत जातो. हे मी मिलेविषयी म्हणते आहे की माझ्याविषयी, मला नीट सांगता येणार नाही. या दोघींच्या मृत्यूनंतर अवघ्या काही वर्षांत त्याने सरवा वेचणाऱ्या बायका आणि अँजेलस ही चित्रे काढली. भेटीचे कर्ज त्याने चित्रांतून फेडले असेल का? मला तसे मानावेसे वाटते. पण आईला ती चित्रे दिसली नाहीत, हेही तितकेच खरे.

उतारवयात मान मिळाला. १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याची प्रमुख चित्रे एकत्र मांडली गेली. पुढच्या वर्षी सरकारने सन्मानपदक दिले. १८७० मध्ये, ज्या सालोंने त्याला नाकारले होते त्याच्याच परीक्षक मंडळावर तो निवडला गेला. त्याच वर्षी जर्मनांशी युद्ध पेटले तेव्हा तो कुटुंबाला घेऊन आपल्या मुलखात गेला आणि वर्षभराहून अधिक काळ तिथे राहिला. ज्या चर्चच्या परिसरात त्याचे बालपण गेले ते ग्रेव्हिलचे चर्च त्याने तेव्हा रंगवायला घेतले. १८७४ मध्ये पॅरिसच्या पाँतेओं या इमारतीतील भित्तिचित्रांचे मोठे काम त्याच्याकडे आले, पण शरीर थकले होते. २० जानेवारी १८७५ रोजी बार्बिझाँ येथे तो वारला. शेजारच्या शाई गावात, मित्र रूसोच्या कबरीजवळ त्याला पुरले.

नंतरची हकीकत ऐकून मन विषण्ण होते. सुमारे हजार फ्रँकला विकलेले अँजेलस १८८९ च्या लिलावात ५,५३,००० फ्रँकला गेले. अमेरिकेची वारी करून ते पुन्हा मोठी किंमत देऊन फ्रान्समध्ये आणले गेले. यातला एक पैसाही मिलेच्या घरी पोहोचला नाही. चित्र पुन्हा विकले गेले तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मिळावा असा कायदा फ्रान्सने १९२० मध्ये केला. त्या कायद्याची गोष्ट निघाली की हे उदाहरण हमखास दिले जाते. खळे दुसऱ्याचे आणि वेचणाऱ्याच्या ओट्यात चार ओंब्या, हा न्याय त्या चित्रकारालाही चुकला नाही.

मात्र त्याने पेरलेले वाया गेले नाही. व्हॅन गॉगने मिलेला गुरू मानले. १८८९-९० मध्ये सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना तो मिलेच्या चित्रांचे काळे-पांढरे छाप समोर ठेवून त्यांना आपल्या मनाचे रंग देत बसे. हे वाचले तेव्हा मला आमचे ग्रंथालय आठवले. मीही ते चित्र पहिल्यांदा काळे-पांढरेच पाहिले होते, आणि त्यातल्या बायकांच्या लुगड्यांचे रंग मला माहीत होते.

मिलेच्या त्या तिघी आता पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. जगभरचे लोक त्यांच्यासमोर उभे राहतात. आमच्या गावात आता कापणीला यंत्र येते आणि वेचायला पूर्वीइतके काही उरत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी त्या चित्राची प्रत आईला दाखवली. तिने ती बराच वेळ पाहिली. चित्र कोणी काढले, कुठे आहे, किती किमतीचे, यातले तिने काही विचारले नाही. मधल्या बाईच्या हातात बऱ्याच ओंब्या जमल्या आहेत, एवढेच तिच्या ध्यानात आले आणि ती समाधानाने हसली.

यंदा दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरताना तो रकाना पुन्हा आला. त्यात मी शेतमजुरी असे लिहिले.